समितीत कोण बसणार, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

शाळेच्या निर्वसाहतीकरणाचा, म्हणजे इंग्रजी राजवटीने घालून दिलेली चौकट मोडून मूलनिवासी समाजांचं ज्ञान वर्गात आणण्याचा, तुझा आराखडा वाचला. लोककलेचं प्रदर्शन, मूलनिवासी दिनाचा कार्यक्रम, भिंतींवरची चित्रं... खपून काम केलं आहेस. पण हे सगळं पार पडल्यावर शाळेचा एक तरी निर्णय बदलेल का? पैसा कुठे जातो, नेमणूक कोण करतं, पास-नापास कोण ठरवतं, यातलं काहीच हलणार नसेल तर त्याला निर्वसाहतीकरण म्हणू नये. स्नेहसंमेलन म्हणावं.

अमेरिकेत ॲरिझोनातली रफ रॉकची शाळा बघ. १९६६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं मंडळ नवाहो या तिथल्या मूलनिवासी लोकांमधूनच निवडलेलं होतं. त्यातले बरेच जण स्वतः शाळेत फारसे गेलेले नव्हते, तरी कारभार त्यांच्याकडे सोपवला गेला. नवाहो भाषा आणि इतिहास वर्गात टिकले ते त्यामुळे. दोनच वर्षांत या समाजाने स्वतःचं कॉलेजही काढलं. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली 'कोहांगा रेओ' या तिथल्या मूलनिवासी माओरींच्या भाषेतल्या बालशाळा सुरू झाल्या. तिथली मुलं पुढे इंग्रजी शाळेत गेली की भाषा सुटायची. म्हणून १९८५ मध्ये पालकांनी स्वतःची प्राथमिक शाळा उघडली. कायद्याची मान्यता मागाहून आली.

तुझ्या सल्लागार समितीत सगळे पदवीधर आहेत. ज्यांच्या ज्ञानाबद्दल हा आराखडा आहे, त्यांच्यापैकी एकही नाव नाही. निम्म्या जागा त्यांना दे, आणि मतासकट दे. नुसतं चहाला बोलवायचं असेल तर नकोच. शिकवायला येणाऱ्या जाणत्या बाईंना शाल-श्रीफळावर बोळवू नकोस. शिक्षकाच्या दराने मानधन दे. हिशेब खातं पदवीचा दाखला मागेल. तिथे भांडावं लागेल, आणि ते भांडण तुलाच करायचं आहे. मुख्याध्यापकाची खुर्ची अशाच कामांसाठी असते.

वेळापत्रकाचंही तेच. एखादी वनस्पती ओळखायला शिकायची तर तिचं कोवळं पान, फूल आणि बी वेगवेगळ्या महिन्यांत, त्याच जागी जाऊन बघावं लागतं. पस्तीस मिनिटांच्या तासाला हे कसं बसणार? वर्षातले काही दिवस आत्ताच मोकळे ठेव आणि ते कधी वापरायचे हे शिकवणाऱ्यावर सोड. नवाहोंच्या काही कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या असतात. अशी कथा पाठ्यक्रमात उन्हाळ्यात आली तर सरकवायचा तो पाठ्यक्रम. आणि काही गोष्टी वर्गात आणायच्याच नाहीत असं लोक म्हणाले, तर विषय तिथेच संपला. रेकॉर्डिंगची परवानगीही दरवेळी नव्याने माग. एकदा दिलेला होकार कायमचा धरू नकोस.

आता एक धोक्याची सूचना, कारण या विषयात भाबडेपणा फार. इंग्रजांच्या आधीचं ते सगळं सोन्याचं, असं सांगणारे तुला भेटतील. पुराणात विमानं सापडली म्हणणारेही याच मांडवात येऊन बसतील. त्यांना जोतीराव फुल्यांचं १८८२ चं हंटर आयोगापुढचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं, निवेदन वाचायला दे. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चालतं, हे त्यांनी सरकारला तोंडावर सुनावलं आणि बहुजनांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितलं. पण ज्या जुन्या व्यवस्थेने पाटी हातात घेऊ दिली नव्हती, ती परत आणा असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणून परंपरेचं नाव निघालं की एवढंच विचार: यात कोणाला मज्जाव होता?

वरिष्ठ विचारतीलच की हे कोणत्या आधारावर. संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासींच्या हक्कांवरच्या २००७ च्या जाहीरनाम्यातलं चौदावं कलम जोड. मूलनिवासी समाजांना स्वतःच्या शिक्षणसंस्था उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. आणि मुदत वाढवून माग. नव्या समितीची पहिली बैठक होईपर्यंत हा मसुदा पुढे पाठवू नकोस.

तुझा,
एक जुना शिक्षक