सुपावर वाकलेली पाठ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई गेली तीस वर्षे विड्या वळते. तिचे वय ५४ असून आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. सकाळची कामे उरकली की मांडीवर सूप घेऊन ती जमिनीवर बसते, ती दुपारपर्यंत उठत नाही. अलीकडे तिची मान आणि दोन्ही खांद्यांमधला भाग सतत दुखतो, जिना चढताना दम लागतो आणि जेवणानंतर छातीत जळजळते. सगळी दुखणी वाकून बसण्याचीच आहेत, तिला ताठ बसायला शिकव, असे शेजारी सांगतात. मी पाठीचा पट्टा आणून दिला. तो तिने दोन दिवस बांधला आणि खुंटीला अडकवला. बसण्याच्या पद्धतीचा प्रकृतीवर खरोखरच एवढा परिणाम होतो का?

उत्तर : परिणाम होतो, मात्र शेजारी म्हणतात तसा सरसकट नव्हे. आईंच्या तिन्ही तक्रारींचा बसण्याशी असलेला संबंध सारखा नाही, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहणे बरे.

मानेचे दुखणे बसण्याशी सर्वांत जवळून जोडलेले आहे. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते खांद्यांच्या बरोबर वर असेपर्यंत मणके ते सहज पेलतात. पुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते दोर ताणल्यासारखे धरून ठेवावे लागते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत निघणारे सात नंदीध्वज आपण सर्वांनी पाहिले आहेत. एवढा उंच ध्वज उभा असताना एक माणूस तो अंगालगत पेलतो, परंतु तो जरा कलला की त्याला सावरताना किती बळ लागते, हे पेलणाऱ्यालाच विचारावे. सुपावर झुकलेल्या मानेचे स्नायू तेच काम दिवसातून कित्येक तास करतात.

आता आई एवढ्या का वाकतात, हे शोधायला हवे. माझ्या अनुभवात या वयाच्या विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत पहिली शंका पाठीची नसते, डोळ्यांची असते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. पानाची शीर, तंबाखूचे प्रमाण आणि दोऱ्याचे टोक दिसावे म्हणून मान आपोआप खाली जाते. ‘ताठ बस’ असे शंभर वेळा सांगूनही जे होत नाही, ते अशा वेळी जवळचे पाहण्याच्या चष्म्याने आणि उजेडाकडे जागा बदलल्याने होऊ शकते. डोळे आधी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट बैठकीची. मांडी घालून सपाट जमिनीवर बसले की अनेकांची कंबर मागे गोल होते, आणि कंबर गोल झाली की पाठ व मान तिच्यामागे जातातच. घरातली जुनी चादर चौघडी करून बुडाखाली ठेवा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील. पाठीशी भिंत असू द्या आणि मांडीवर उशी ठेवून तिच्यावर सूप घ्या. काम डोळ्यांच्या जवळ आले तर डोळ्यांना कामाजवळ जावे लागत नाही.

तरीही कोणतीही एक बैठक चार-चार तास चांगली नसते, अगदी ताठ बैठकसुद्धा. आपल्या कण्याला मुळात तीन बाक आहेत, त्यामुळे पाठ पट्टीसारखी सरळ करण्याचा हट्ट निरर्थक आहे. शिवाय मणक्यांमधील चकत्यांना प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. हालचालीने दाब कमी-जास्त होतो, तसे भोवतालचे द्रव आत-बाहेर होऊन त्यांचे पोषण होण्यास मदत होते. म्हणून घड्याळ लावण्यापेक्षा आईंच्याच कामाचे माप धरा : विड्यांच्या काही जुड्या बांधून झाल्या की उठायचे, दोन्ही हात डोक्यावर ताणायचे, खांदे मागे फिरवायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि पुन्हा बसायचे. विड्यांच्या संख्येवर मजुरी मिळते, तेव्हा उठणे महाग वाटते हे मी जाणतो. परंतु मिनिटभराच्या उठण्याने जेवढे काम मागे पडते, त्याहून जास्त काम दुखणारा खांदा मागे पाडतो.

पट्ट्याविषयी आईंनी केले तेच योग्य. दुखापतीनंतर डॉक्टर सांगतात तेव्हा तो काही दिवस उपयोगी पडतो, पण रोजच्या बसण्यासाठी त्याच्यावर विसंबून राहू नये.

छातीतल्या जळजळीत वाकण्याचा वाटा असू शकतो. भरल्या पोटी पुढे वाकल्यावर पोटावर दाब येतो आणि जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येते. जेवल्याबरोबर सूप मांडीवर न घेता तासभर उभ्याची कामे करावीत. मात्र जळजळ चालण्याने किंवा जिना चढण्याने वाढत असेल, तर तिला पित्त समजून घरी न थांबता हृदयाची तपासणी लगेच करून घ्यावी.

दम लागण्याच्या बाबतीत मी शेजाऱ्यांशी सहमत नाही. वाकून बसल्यावर फासळ्या व श्वासपटल यांना पुरेशी जागा मिळत नाही, हे खरे. एका श्वासात मोठ्याने अंक मोजून पाहा, आधी पोक काढून आणि मग सरळ बसून. फरक बहुधा जाणवेल. पण जिना चढताना माणूस वाकून बसलेला नसतो. तीस वर्षे तंबाखूची धूळ श्वासात गेलेली आहे, रक्त कमी असण्याचीही शक्यता आहे. हिमोग्लोबिन, रक्तदाब, फुप्फुसे आणि हृदय यांची तपासणी झाल्याखेरीज दम लागण्याचा दोष बैठकीवर टाकू नका. हातात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, रात्री झोपमोड करणारे दुखणे सुरू झाले, अथवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम करत न बसता तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माझी उंची कमी झाली असून पाठीला पोक येत आहे. योगासनांनी पाठ पूर्ववत होईल का?

उत्तर : आसनांकडे वळण्यापूर्वी हाडांची घनता मोजून घ्या. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होतात आणि कित्येकदा पडझड न होताही मणका पुढच्या बाजूने दबतो. अशा वेळी पोक ही सवय नसून मोडलेल्या हाडाची खूण असते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट असेल, तर पाठीचा एक्स-रेही काढावा. तोपर्यंत पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने आणि वाकून बादली उचलणे बंद ठेवावे. दबलेला मणका व्यायामाने पुन्हा उंच होत नाही, परंतु औषधांनी पुढचे मोडणे बऱ्याच अंशी टाळता येते आणि पाठीच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञांकडून शिकता येतात.

प्रश्न : घरच्या यंत्रावर माझा रक्तदाब दवाखान्यातल्यापेक्षा नेहमी जास्त येतो. यंत्र बदलावे का?

उत्तर : आधी बसणे बदलून पाहा. पायावर पाय टाकून, पाठीला आधार न घेता किंवा हात खाली लोंबता ठेवून मोजल्यास आकडा वाढतो. पाच मिनिटे शांत बसा, पाठ खुर्चीला टेकवा, दोन्ही तळपाय जमिनीवर ठेवा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवून न बोलता मोजा. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. आठवडाभर असे करूनही तफावत राहिली, तर यंत्र दवाखान्यात नेऊन तेथील यंत्राशी ताडून पाहावे.