नव्या रेसिडेंटला: अलर्ट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस

वॉर्डात रुळेपर्यंत औषध लिहिताना संगणकावर येणाऱ्या अलर्टचा वैताग येईल. येऊ दे, पण न वाचता ‘ओव्हरराइड’ (इशारा डावलून पुढे जाण्याचं बटण) दाबायची सवय लावून घेऊ नकोस. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असलेल्या पेशंटला मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहिलंस की इशारा येतो, आणि तो खरा असतो: आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढतो, रक्तस्राव होऊ शकतो. मध्यरात्री एकदम चार ॲडमिशन आल्या की हे आठवेलच असं नाही. नेमकी तेव्हाच ही यंत्रणा कामाला येते.

मात्र तिला जेवढं सांगशील तेवढंच कळतं. वजन अंदाजाने टाकलंस, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) जुनंच राहिलं, तर डोसही चुकीचाच सुचवणार. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) 30 च्या खाली गेला की मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी थांबव, हे ती सांगेल. पण पेशंट घरी कोणत्या गोळ्या घेतो, हे नातेवाइकांना तुलाच विचारावं लागेल. पिशवी उघडून बघ. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक बऱ्याचदा तिथेच सापडतं.

न्यूज-2 स्कोअर (नाडी, श्वास, बीपी वगैरेंवरून पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा आकडा) 7 झाला म्हणून सिस्टरांचा फोन आला, तर फोनवरून ऑर्डर देत बसू नकोस, उठून जा. श्वास स्वतः मिनिटभर मोज. चार्टवर सगळ्यांचाच 20 लिहिलेला दिसला की मला शंका येते.

आणि बिनकामाचे अलर्ट फार येत असतील तर कोणता, कधी, कोणत्या औषधाला आला ते लिहून फार्मसीला दे. तसं कळवल्याशिवाय ते कमी होत नाहीत.