जिन्यातल्या ध्वनी-इन्स्टॉलेशनसाठी कोणते सेन्सर घ्यावेत?

तुम्ही वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात, कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीच्या जिन्यात लोकांच्या वावराला प्रतिसाद देणारं काहीतरी करायचंय आणि सेन्सरची यादी हवी आहे. माझं मत विचाराल तर सध्या एकही घेऊ नका. पायरीवर पाय पडला की स्पीकरमधून एक सूर, ही झाली दारावरची बेल. ती मॉलमध्ये लावली तरी तशीच वाजेल. त्यात तुमच्या जिन्याचं काय राहिलं?

आधी जिना स्वतः काय करतो ते ऐका. रात्री सामसूम झाल्यावर तळाशी फुगा फोडा आणि फोनवर रेकॉर्ड करा. आवाज किती वेळ घुमतो ते कळेल. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्या सूत्राने त्याचा ढोबळ अंदाज कागदावरही काढता येतो: जागेच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने (पृष्ठफळ गुणिले त्यावर शोषला जाणारा भाग) भागायचं. समजा पोकळी ४ बाय ६ मीटर आणि उंची १२ मीटर. घनफळ २८८ घनमीटर, पृष्ठफळही योगायोगाने २८८ चौरस मीटर. गिलावा केलेली भिंत आवाजाचा ३ टक्के भाग शोषते असं धरलं, तर घुमणं सुमारे ५.४ सेकंद टिकतं. आता २० माणसं आत आली. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज गिळतो. हिशोब पुन्हा केला की उत्तर येतं अडीच सेकंद. म्हणजे लोक नुसते येऊन उभे राहिले तरी जागेचा आवाज निम्म्यावर येतो. तुम्हाला हवा असलेला प्रतिसाद तिथे आधीच आहे, तो फक्त ऐकू येईल असा करायचाय.

त्यासाठी दोन जुन्या वाटा आहेत. अमेरिकन संगीतकार ॲल्विन लुसियर यांनी १९६९ मध्ये खोलीत बोललेलं रेकॉर्ड केलं, ते त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि हेच करत राहिले. शेवटी शब्द विरघळून गेले आणि खोलीचे स्वतःचे सूर उरले. हा प्रयोग तुमच्या जिन्यात जरूर करा. स्पीकर वायरने जोडा आणि रेकॉर्डिंग ॲपमधलं आवाज ‘स्वच्छ’ करणारं सेटिंग बंद ठेवा. ४ मीटर अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमधला सगळ्यात खालचा सूर सुमारे ४३ हर्ट्झचा असतो. छोटा स्पीकर तो देऊच शकत नाही, त्यामुळे तुम्हाला त्याच्या वरचे सूर ऐकू येतील.

दुसरी वाट मला जास्त आवडते. माइक वरच्या मजल्यावर, स्पीकर तळाशी. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती पट मोठा करायचा ते, हळूहळू वाढवला की माइक शिट्टी मारायला लागतो. मांडवातला साउंडवाला ज्याला घाबरतो, तोच इथे कच्चा माल. प्युअर डेटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी मोजत राहायची. ती चढली की गेन आपोआप खाली, उतरली की वर. मग शिट्टीचा कर्कशपणा जाऊन रेंगाळणारे, बदलते सूर मिळतात. कुणी मध्ये उभं राहिलं, दार उघडलं, की ते सरकतात. इटालियन संगीतकार अगोस्तिनो दी शिपियो यांनी याच तत्त्वावर बरंच काम केलंय, ते शोधून ऐका. पण शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय) लावल्याशिवाय हे चालू करू नका. कान आणि स्पीकर, दोन्ही जातील. आणि वॉचमनला आधी ऐकवा. त्याला हे पूर्ण पाळीभर ऐकायचंय.

जिन्याला लोखंडी कठडा असेल तर त्यावर पिएझो चकती (कंपनाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी) चिकटवून बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ अगदी स्वस्तात मिळते. सोबत प्रीॲम्प (क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) हवाच, नाहीतर आवाज पत्र्यासारखा येतो. ध्वनी-कलाकार बिल फोंटाना यांनी २००६ मध्ये लंडनच्या मिलेनियम ब्रिजवर असेच कंपन टिपणारे सेन्सर बसवून पुलाचा आवाज टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये आणला होता. पुलावर चालणाऱ्यांना आपण काही वाजवतोय याची कल्पनाही नसावी, आणि मला त्यातली हीच गोष्ट भावते.

एवढं करूनही सेन्सर हवाच असेल तर स्वस्त अल्ट्रासॉनिक (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) चालेल. तो साधारण ४ मीटरपर्यंतचं अंतर सांगतो, पण दोन माणसं एकामागोमाग आली की त्याला पुढचंच दिसतं. त्याच्याकडून सूर वाजवून घेऊ नका. फार तर गेनची मर्यादा वरखाली करायला वापरा.