मुलाच्या रेसिंगसाठी शिक्षणाचा फंड मोडायचा का?

पिंपळे सौदागरहून एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय 43, चाकणला ऑटो कंपोनंट कंपनीत नोकरी, हातात 1 लाख 15 हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार 47 हजार. मुलगा 14 वर्षांचा, नववीत. मुलगी 9 वर्षांची. मुलगा दोन वर्षं मिनी बाइकवर रेस करतोय आणि आता चेन्नईच्या एका खासगी टीमने 165 सीसीच्या नोव्हिस (नवख्यांच्या) वर्गासाठी पाच राउंडचं साडेआठ लाखांचं कोटेशन दिलंय. शिक्षणासाठी साठवलेले 19 लाख म्युच्युअल फंडात आहेत, 5 लाखांची एफडी आहे. प्रश्न: साडेआठ लाख फंडातून काढावेत, की गृहकर्जावर 15 लाखांचा टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घेऊन दोन सीझन पार पाडावेत?

नमस्कार. दोन्ही करू नका. पण रेसिंग बंद करा, असंही मी म्हणत नाही. वर्षाला चार लाखांपर्यंतचं रेसिंग तुमच्या घराला पेलवतं, आणि या वयात त्यातून बरंच शिकता येतं. ते कसं, ते पुढे आकड्यांनिशी मांडतो.

आधी ते कोटेशन नीट वाचा. तुम्ही पाठवलेल्या कागदावर बाइकचं भाडं, मेकॅनिक, एंट्री फी आणि टायरचे दोन सेट आहेत. ‘क्रॅश डॅमेज रायडरच्या खर्चाने’ ही ओळ अगदी तळाला आहे, आणि सगळं गणित तिथेच फिरतं. बाइक घसरली की क्लिप-ऑन हँडल वाकतं, ब्रेक किंवा क्लचचा लिव्हर तुटतो, फूटपेगचा ब्रॅकेट जातो, फेअरिंग (बाइकचं बाहेरचं आवरण) फुटतं. वेगात घसरून खडीत उलटली तर इंजिनचं कव्हर आणि पुढचा फोर्कही. नवखा मुलगा सीझनमध्ये तीन-चार वेळा पडतो. पडला नाही तर बहुधा तो हळू चालवतोय. यासाठी एक लाख वेगळे धरा. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट पुण्याहून सुमारे बाराशे किलोमीटर. तुम्ही दोघं, चार मुक्काम, जाणं-येणं असा एका राउंडचा खर्च 27 हजार धरला तर पाच राउंडचे 1 लाख 35 हजार. रेसच्या आधीचे जादा प्रॅक्टिसचे चार दिवस, 15 हजारांनी 60 हजार. हेल्मेट, सूट, बूट, ग्लोव्ह्ज, बॅक प्रोटेक्टर मिळून 1 लाख 20 हजार. बेरीज 4 लाख 15 हजार. म्हणजे साडेआठचं कोटेशन खरं साडेबारा लाखांच्या वर जातं.

आता टॉप-अपकडे बघा. 15 लाख, 9 टक्के, 10 वर्षं: हप्ता साधारण 19 हजार, एकूण परतफेड 22 लाख 80 हजार. दोन सीझनचा खरा खर्च 25 लाख, म्हणजे कर्ज घेऊनही दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच पैसे संपतील. आणि हप्ते मुलगा 24 वर्षांचा होईपर्यंत चालू राहतील, तो तेव्हा ग्रिडवर (रेसच्या सुरुवातीच्या रांगेत) असो वा नसो. घर गहाण ठेवून घ्यायची ही गोष्ट नाही.

फंड मोडण्याचं गणित थोडं कमी वाईट, पण वाईटच. साडेआठ लाख 10 टक्क्यांनी चार वर्षांत 12 लाख 44 हजार होतात. नेमके तेव्हाच मुलाला कॉलेजच्या फीसाठी लागणार. शिवाय काढलेल्या रकमेत निम्मा नफा असेल तर एका वर्षात सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा माफ, उरलेल्या 3 लाखांवर साडेबारा टक्के आणि सेस मिळून 39 हजार कर. धाकटीचा वाटाही त्याच 19 लाखांत आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही. मला ते जरा खटकलं.

तुमचा महिन्याचा हिशेब असा: दोघांचे मिळून 1 लाख 62 हजार. गृहकर्ज 34 हजार, घरखर्च आणि शाळा 62 हजार, एसआयपी 24 हजार, विमे सरासरी 6 हजार. उरतात 36 हजार. बोनस वर्षाला 1 लाख 20 हजार. सहा महिन्यांचा अटळ खर्च 6 लाख 12 हजार होतो आणि एफडी 5 लाखांची आहे, म्हणजे तिथेच 1 लाख 12 हजारांचं खिंडार. म्हणून 36 मधले 8 हजार आणि निम्मा बोनस आधी या राखीव निधीला. वर्षभरात 1 लाख 56 हजार जमतात. खिंडार बुजून वर 44 हजार उरतात, ते वैद्यकीय खर्चासाठी वेगळ्या खात्यात. राहिलेले 28 हजार आणि उरलेला निम्मा बोनस रेसिंगला: वर्षाचे 3 लाख 96 हजार. हीच तुमची मर्यादा. एसआयपीला हात लावायचा नाही.

चार लाखांत खासगी टीमची सीट येत नाही, हे खरं. पण 14 वर्षांच्या मुलाने सीट विकत घ्यायची गरज आहे का, हा माझा मुद्दा आहे. आपल्याकडे कंपन्यांच्या स्पर्धा आहेत: टीव्हीएसची वन-मेक चॅम्पियनशिप, होंडाचा इंडिया टॅलेंट कप. तिथे सगळ्यांना सारख्या बाइक मिळतात, त्यांची देखभाल कंपनीचे लोक करतात, आणि निवड लॅप टाइम (सर्किटच्या एका फेरीची वेळ) व फिटनेसवर होते. यंदाची निवड चाचणी कधी आणि वयाची अट काय, ते थेट त्यांच्याकडून घ्या. निवड झाली तर तुमचा वर्षाचा खर्च असा बसतो: गिअर 1 लाख 20 हजार, निवडीची फेरी 35 हजार, प्रवास 1 लाख 35 हजार, पुण्याजवळचा सराव 70 हजार, मोडतोड आणि किरकोळ 36 हजार. निवड झाली नाही, तर तीच रक्कम सरावात घालून पुढच्या वर्षी परत जा. निवड न होणं हीसुद्धा माहितीच आहे, आणि ती साडेबारा लाखांऐवजी 35 हजारांत मिळते.

आता पुण्याजवळच्या सरावाचं. मोटोक्रॉस-सुपरक्रॉसचं (मातीच्या ट्रॅकवरच्या रेसचं) शहर म्हणून पुण्याचं नाव आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीलाच झाली. डर्टवर चालवणं डांबरी रेसिंगलाही उपयोगी पडतं: मागचं चाक सुटतं तेव्हा अंग सैल ठेवायला तिथे शिकतात, आणि पडणं स्वस्त पडतं. डांबरासाठी गो-कार्टचे ट्रॅक. कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे. तिथे मिनी बाइकला कधी आणि कोणत्या अटींवर सोडतात, ते फोन करून विचारा. बाइक छोट्या हत्तीत टाकून पहाटे निघायचं, दिवसभर चालवून रात्री परत. महिन्यातून एक असा दिवस मोठ्या सर्किटवरच्या घाईच्या वीस मिनिटांपेक्षा जास्त शिकवतो.

ताम्हिणी, मुळशी, सिंहगडचा घाट हा सराव नव्हे. नैतिक उपदेश बाजूला ठेवतो, पैशांपुरतं बोलतो: अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. इन्शुरन्स कंपनी हात वर करते ते वेगळंच.

विम्याचं प्रकरण तुम्ही दोन ओळींत उरकलंय. माझ्या मते पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत धोकादायक खेळांबाबतचा एक ठरावीक अपवाद असतो: व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेतल्याने लागणारे उपचार वगळले जातात, आणि यादीत मोटार रेसिंगचं नाव स्पष्ट आहे. सगळी मेख ‘व्यावसायिक’ या शब्दात. हौशी शाळकरी मुलगा त्यात येत नाही, असं तुम्ही म्हणाल. बक्षिसाची रक्कम घेतलेला, छातीवर स्पॉन्सरचं नाव असलेला मुलगा येतो, असं क्लेम डेस्क म्हणेल. वाद क्लेमच्या दिवशी घालण्यापेक्षा आजच ईमेल करा: मुलगा फेडरेशनचं (देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं) लायसन्स घेऊन रेस करतो, कव्हर आहे की नाही. उत्तर लेखी घ्या. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमबद्दल एचआरला असंच विचारा. फेडरेशनच्या लायसन्सबरोबर किंवा आयोजकांकडून अपघाताचं काही कव्हर मिळत असेल तर त्याची रक्कम आणि अटी मागवा. वाहन विमा तर संघटित रेसिंग धरतच नाही.

उत्तर काहीही येवो, वैद्यकीय खातं 3 लाखांपर्यंत न्या. गळ्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोटरसायकल रेसरचं सगळ्यात जास्त मोडणारं हाड आहे. प्लेट बसवायची वेळ आली तर ऑपरेशन, फिजिओ, दोन राउंड बुडणं, आणि आधी भरलेली फी परत न मिळणं, हे सगळं एकदम येतं. मुलाच्या नावाने टर्म प्लॅन कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. घर त्याच्या कमाईवर चालत नाही. तुमचा स्वतःचा टर्म विमा मात्र 50 लाखांचाच आहे, तो दीड कोटीपर्यंत वाढवा.

जोखीम नुसती पैशांची नाही, हे तुम्ही जाणताच. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या याच सर्किटवर बेंगळुरूचा 13 वर्षांचा अतिशय गुणी रायडर रेसमध्ये अपघात होऊन दगावला. 2021 मध्ये परदेशातल्या रेसमध्ये लागोपाठ तरुण रायडर दगावल्यावर मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेने वयाच्या अटी कडक केल्या. 2023 पासून ग्रांप्री (मोटोजीपीच्या जागतिक मालिकेतल्या) वर्गांसाठी मोजके अपवाद सोडता किमान 18 वर्षं लागतात. याचा अर्थ तुमच्या घाईला कॅलेंडरमध्ये आधार नाही. मुलाच्या हातात अजून चार वर्षं आहेत. म्हणून गिअरमध्ये काटकसर नको: वाढत्या वयात सूट एका सीझनमध्ये आखूड होतो, तरी ‘पुढच्या वर्षी बसेल’ म्हणून सैल सूट घेऊ नका. घसरताना सैल सूटमधलं कोपराचं आणि गुडघ्याचं पॅडिंग जागेवरून सरकतं. सेकंडहँड सूट चालेल, शिलाई तपासून. सेकंडहँड हेल्मेट कधीच नाही.

पैसे चालू ठेवायचे की थांबवायचे, हे ट्रॉफीवरून ठरवू नका. सहा जणांच्या ग्रिडवर तिसरा नंबर म्हणजे काहीच नाही. प्रत्येक रेसनंतर टायमिंगचा कागद मिळतो, त्यात दर लॅपची वेळ असते. समजा वर्गातल्या सर्वांत वेगवान रायडरची लॅप 2 मिनिटांची आहे. तीन टक्के म्हणजे 3.6 सेकंद. तुमच्या मुलाची सर्वोत्तम लॅप या अंतराच्या आत आहे का, ते बघा. मग त्याच्या सगळ्या लॅपची सरासरी काढा. एक लॅप झकास आणि बाकी सगळ्या दोन-अडीच सेकंदांनी मागे, तर ती लॅप कुणाच्या तरी मागे हवेच्या ओढीत (पुढच्या बाइकमुळे हवेचा विरोध कमी होऊन) मिळालेली असू शकते. सलग लॅप एका सेकंदाच्या आत पडत असतील तर मुलगा विचार करून चालवतोय. पहिल्या सीझनअखेर पाच टक्क्यांच्या आत, दुसऱ्याअखेर तीनच्या आत, ही माझी अट. ती आजच मुलाला सांगा आणि त्याच्यासमोर लिहून ठेवा. हरल्यावर सांगितलेली अट त्याला शिक्षा वाटेल.

स्पॉन्सरबद्दल. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांकडून, डीलरकडून, जिमकडून रोखीपेक्षा वस्तू सहज मिळतात: ऑइल, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट. तेच मागा. करारावर सही तुमचीच लागेल, कारण अल्पवयीन व्यक्तीचा करार कायद्याने मुळातच रद्दबातल असतो. आणि त्यात मुलाचं नाव-छायाचित्र पाच-सात वर्षं बांधून ठेवणारं कलम असेल तर दहा हजारांच्या ऑइलसाठी सही करू नका. बक्षिसाचे पैसे मुलाच्या कौशल्याचे, म्हणून ते तुमच्या उत्पन्नात मिळवले जात नाहीत. त्याच्या पॅनवर दाखवायचे. त्या पैशांवरचं व्याज मात्र तुमच्या दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरलं जातं.

परदेशातल्या कपसाठी पैसे पाठवायची वेळ आली तर तेव्हा बोलू. इतकंच ध्यानात ठेवा की शिक्षण-उपचाराखेरीज वर्षाला 10 लाखांवर रक्कम बाहेर पाठवली की वरच्या भागावर 20 टक्के टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर अडकतो.

पुढचं वर्ष दहावीचं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि रेसचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत, त्यामुळे जमण्यासारखं आहे. दर राउंडला शाळेचे तीन-चार दिवस बुडतात, तेवढं मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवा. दहावीनंतर ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा त्याला आवडेल असा माझा अंदाज. भारतात रेसिंगवर पोट भरणारे रायडर बहुतेक कंपन्यांच्या टीमचे आहेत आणि मोजके आहेत. मोटोजीपीच्या मुख्य वर्गात एकही भारतीय अजून नियमित उतरलेला नाही. पण सस्पेन्शन कळणारा, डेटा वाचणारा, लॅप टाइमची भाषा येणारा मुलगा चाकण-आकुर्डीच्या पट्ट्यात बेकार राहत नाही.

या आठवड्यात करायचं ते असं: विमा कंपनीला ईमेल, टॉप-अपचा अर्ज मागे, आणि त्या टीमला एक फोन. संपूर्ण सीझनऐवजी फक्त दोन राउंड भाड्याने देता का, आणि क्रॅश डॅमेजला कमाल मर्यादा लावून लिहून देता का, एवढंच विचारा. मर्यादा लिहून द्यायला तयार झाले, तर कंपनीच्या निवडीत जमलं नाही तरी पहिल्या वर्षी तो पर्याय हाताशी राहील, चार लाखांच्या आत बसला तरच. तयार झाले नाहीत, तर साडेआठ लाखांच्या कागदावर सही करण्याचा विषयच संपला.