धरणावर प्लेटा, पण धरणात पाणी?

प्रश्न : सोलरसाठी जमीन द्या म्हणून बांधावर माणसं येतात. त्यापेक्षा आमच्या धनेगावच्या मांजरा धरणावरच प्लेटा तरंगवल्या तर? वीज मिळेल आणि पाणीही उडणार नाही. – एक शेतकरी, ता. केज, जि. बीड

उत्तर : भाऊ, पाटबंधारे खात्यात असताना सात वर्षं रोज सकाळी बाष्पीभवन पात्र, म्हणजे पाणी किती उडालं ते दाखवणारं उघडं भांडं, मोजायचं काम माझ्याकडे होतं. मे महिन्यात त्यातलं पाणी दिवसाला दहा मिलिमीटर सहज उतरायचं. पात्र लवकर तापतं, म्हणून धरणाचा हिशेब करताना आकडा 0.7 ने गुणायचा. म्हणजे 7 मिलिमीटर. एका हेक्टरवरून दिवसाला 70 हजार लिटर. दहा हजारी सात टँकर हवेत! टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. प्लेटांनी झाकलेल्या जागेत यातलं बरंच पाणी वाचतं. शिवाय पाण्याच्या गारव्याने प्लेटा कमी तापतात, आणि त्या एक अंशाने तापल्या की वीज साधारण 0.4 टक्क्याने घटते.

आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, तेलंगणातल्या रामगुंडमला एनटीपीसीचा 100 मेगावॉटचा तरंगता प्रकल्प 2022 पासून पूर्ण क्षमतेने चालू आहे. पाणी व्यापलं सुमारे 500 एकर. पण तो तलाव औष्णिक केंद्राचा, तिथे पाणी राखलेलंच असतं.

मांजराचं तसं नाही. 2016 मध्ये ते आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुम्ही पाहिलंय. पाणी गेलं की तराफे उंचसखल गाळावर टेकतात, वाकतात. तराफे जागेवर धरणाऱ्या नांगरांचे दोर भरल्या धरणाच्या मापाने सोडले तर पाणी उतरताना ढिले पडून सगळा तांडा वाऱ्याने सरकतो. आखूड ठेवले तर पावसाळ्यात ताण येतो. आणि मागे सरकलेल्या पाण्याच्या जागेवर गाळपेर करणाऱ्यांचं काय?

जायकवाडीत मृतसाठाच, म्हणजे एरवी बाहेर न सोडता येणारं तळाचं पाणीच, 26 टीएमसीचा, त्यामुळे भिंतीकडच्या खोल भागात पाणी टिकतं. पण तिथे 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, मासेमारांची जाळी आहेत. तिथल्या तरंगत्या सोलरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

म्हणून मांजरावर मोठ्या प्रकल्पाला मी तरी हो म्हणणार नाही. छोटा करायचा असेल तर आधी गावातल्या भोई मंडळींना गाठा आणि विचारा, 2016 च्या उन्हाळ्यात शेवटचं पाणी कुठल्या डोहात उरलं होतं. नकाशापेक्षा त्यांना ते नीट माहीत असतं.