मुठीत काय आहे? : ‘गंमत’ या शब्दाविषयी

एका आजींनी विचारलं आहे: “माझी पाच वर्षांची नात परदेशात वाढते आहे. परवा व्हिडिओ कॉलवर मूठ पुढे धरून म्हणाली, ‘आजी, सरप्राइज!’ मी म्हटलं, ‘अगं, गंमत म्हण.’ तर म्हणाली, ‘पण गंमत म्हणजे जोक ना?’ मला नीट उत्तर देता आलं नाही. गंमत म्हणजे नेमकं काय? आणि हा शब्द आपलाच आहे, की किंमत-हिंमतीसारखा बाहेरून आलेला?”

आजी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याची किल्ली त्यात आहे.

किंमत आणि हिंमत हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले. गंमत त्यांच्या पंगतीत बसवली तर तिघी सख्ख्या बहिणी वाटतात. तिघी स्त्रीलिंगी, तिघींच्या पोटात तोच दाबून उच्चारलेला म. त्यामुळे गंमतही तिकडचीच असणार असं वाटणं साहजिक आहे. पण किंमत किंवा हिंमत ज्यातून निघावी असं क्रियापद मराठीत नाही. गंमतीला मात्र तिचं स्वतःचं माहेर आहे, आणि ते म्हणजे ‘गमणे’.

हे क्रियापद पुण्या-मुंबईच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं आहे, पण विदर्भात ते रोज ऐकू येतं. लग्न होऊन नवीन गावी गेलेली मुलगी फोनवर आईला सांगते, “मले इथं गमत नाही.” किंवा खास वऱ्हाडी वळणानं, “गमून नाही राह्यलं.” देशावरची मुलगी तिथं “करमत नाही” म्हणेल. दोन्ही क्रियापदांची चाल सारखीच आहे. ‘मी गमतो’ असं कोणी म्हणत नाही, ‘मला गमतं’ असंच म्हणतात, जसं मला करमतं, मला आवडतं. करमणे या क्रियापदावरून करमणूक झाली, तशी गमणे या क्रियापदावरून गमत.

क्रियापदाला त जोडून असं स्त्रीलिंगी नाम करायची आपल्याकडे रीतच आहे. रंगणे, रंगत. पाळणे, पाळत. बचणे, बचत. त्याच ओळीत गमणे, गमत. मग मधला म दुणावला कसा? इथं किंमतच साक्षीला येते. अरबी-फारसीत तो शब्द ‘क़ीमत’ आहे, की दीर्घ आणि म एकटाच. मराठी जिभेनं की आखूड केली आणि म दाबून म्हटला, झाली किम्मत. जी जीभ कीमतची किंमत करते, ती गमतची गंमत सहज करेल. (हिंमतीतला जोड म मात्र मूळचाच, तो आपण दिलेला नाही.)

गमणे या क्रियापदाच्या मागे संस्कृत गम् आहे, म्हणजे जाणे. जाण्यावरून मन रमण्यापर्यंत अर्थ कसा पोचला, हे फार लांब शोधायला नको. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ हे सुभाषित शाळेत आपण पाठ केलेलं असतं. काळ ‘जातो’, आणि तो चांगला जातो तेव्हा मन रमलेलं असतं. आजही “वेळ जात नाही” आणि “करमत नाही” ही दोन वाक्यं आपण एकाच श्वासात बोलतो. कवितेत गमणे या शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो, ‘मज गमे’ म्हणजे मला वाटे. मनापर्यंत जाऊन पोचणं, असा त्यातला धागा मला दिसतो.

शेजारच्या गुजरातीत तर हे क्रियापद आजही रोजच्या वापरात आहे. ‘मने गमे छे’ म्हणजे मला आवडतं, आणि मौजेला तिथंही ‘गम्मत’च म्हणतात. गुजराती शेजारणीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

इथपर्यंत आल्यावर आणखी थोडं पुढं गेल्याशिवाय मला राहवत नाही, कारण हा शब्द खूप हिंडला आहे. कन्नडमध्ये ‘गम्मत्तु’ आहे, मौजमजा या अर्थानं. तेलुगूतही ‘गम्मत्तु’ आहे, पण तिथं अर्थाला वेगळी छटा आली आहे: विलक्षण, नवलाचं, जरा विचित्र आणि म्हणून मजेशीर. छत्तीसगढच्या नाचा या लोकनाट्यात जो हसवणारा प्रवेश असतो, त्याला ‘गम्मत’ म्हणतात. आणि आपल्याकडे नागपूर-भंडारा-गोंदिया भागात ‘खडी गंमत’ आहे, उभ्यानं सादर होते म्हणून खडी. शाहीर, डफ, नाच्या, गाणी आणि त्यात गुंफलेली सोंगं, सगळं माणसांच्या गराड्यात चालतं. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होतं. शब्द राज्याच्या मागून गेला की खेळ करणाऱ्यांच्या पायांनी, याचा निवाडा करायचा झाला तर मी दुसऱ्या बाजूनं कौल देईन. असे शब्द फर्मानातून नव्हे, फडातूनच पसरतात.

आता नातीचा प्रश्न. गंमत म्हणजे जोक का?

तिचं चुकलेलं नाही. “अगं, गंमत केली!” हे वाक्य लहान मुलांच्या कानांवर सगळ्यात आधी पडतं, कारण मोठी माणसं त्यांना चिडवतात आणि मग समजूत काढतात. त्यामुळे थट्टा हा अर्थ तिला पहिला भेटला. पण ती या शब्दाची एक फांदी. आणखी एक फांदी धमकीचीही आहे, “बाबांना येऊ दे, मग दाखवते तुला गंमत.” बुंधा वेगळा आहे, आणि तो कळायला या शब्दाबरोबर कोणती क्रियापदं येतात ते पाहावं.

मौज आपण करतो, मजा आपण करतो किंवा मारतो. मौज मूळची अरबी, अर्थ लाट. मजा फारसी, अर्थ चव. दोन्ही अर्थ अजून आत जिवंत आहेत असं मला वाटतं, कारण लाट अंगावर घ्यायची असते आणि चव जिभेवर, म्हणजे दोन्ही ज्याच्या त्यानं भोगायच्या. गंमतही करता येते, पण तिची खरी क्रियापदं तीन: सांगणे, दाखवणे आणि आणणे. “तुला एक गंमत सांगू?” “इकडे ये, गंमत दाखवतो.” “डोळे मीट, गंमत आणलीये.” तिन्हींना समोर दुसरं माणूस लागतं. मजा एकट्यानं करता येते. गंमत मात्र एकट्याला सापडली तरी कोणाला तरी बोलावून दाखवेपर्यंत अर्धीच राहते.

दुसरी खूण म्हणजे गंमत मोजता येते. एक गंमत, दोन गमती, “आज शाळेत तीन गमती झाल्या.” दोन मौजा असं आपण म्हणत नाही. मोजता येते म्हणजे तिला आकार आहे, ती मुठीत मावते. तुमच्या नातीनं मूठ पुढे केली तेव्हा शब्द माहीत नसूनही तिनं अर्थ अगदी बरोबर पकडला होता.

माझे आजोबा शेतावरून येताना पंच्याच्या टोकाला गाठ मारून काहीतरी आणायचे. आजीनं “काय आणलंत?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “गंमत.” गाठ सोडायची ती आम्ही मुलांनीच. कधी चार कोवळ्या चिंचा निघत, कधी करवंदं, कधी बोरं. एकदा नुसता एक काळा गुळगुळीत गोटा निघाला, मधोमध पांढरी रेघ गेलेली, जणू कोणी दोऱ्यानं बांधलाय. तो खायचा नव्हता, खेळायचाही नव्हता. आम्ही तो हातोहात फिरवला, ओला करून पाहिला (ओला झाला की रेघ जास्त उठून दिसायची) आणि शेजारच्या घरी नेऊन दाखवला. त्या गोट्याला मजा म्हणता येत नाही, विनोद म्हणता येत नाही, भेटवस्तू म्हणणं तर फारच होईल. मराठीत त्याला एकच शब्द आहे.

अशा गमती प्रत्येक ऋतूत आपापल्या वेळी येतात. गौरीच्या दिवसांत तेरड्याची बोंडं पिकतात. फुगलेल्या बोंडाला बोट लावलं की ते टचकन फुटून गुंडाळी होतं आणि बिया उडतात. लहान मूल पहिल्यांदा दचकतं, मग उरलेली सगळी बोंडं फोडल्याशिवाय हलत नाही. पावसाच्या सुरुवातीला उकिरड्यावर पडलेली आंब्याची कोय उगवते. तिची आतली बी काढून दगडावर घासली की पुंगी होते, पीं पीं वाजते. रुईचं फळ उकललं की पांढरी म्हातारी वाऱ्यावर निघते आणि पोरं तिच्या मागे. भुईमुगाच्या शेंगेत चार दाणे निघतात, जुळं केळं निघतं. संध्याकाळी गुलबक्षी उमलायला लागते, तेव्हा तिच्यापुढे पाचदहा मिनिटं नुसतं बसून पाहावं. यातलं काहीही बातमीत येण्याजोगं नाही. तरी कोणीतरी हाक मारतंच, “अगं, बाहेर ये, एक गंमत बघ!”

आणि इथंच गंमत सरप्राइजपासून वेगळी होते. सरप्राइज दुसऱ्यापासून लपवून ठेवावं लागतं, आणि एकदा कळलं की संपतं. गंमतीला धक्क्याची गरजच नसते. तेरड्याचं बोंड फुटणार हे ठाऊक असतं, तरी दहाव्यांदाही ती गंमतच असते. मूल तीच मूठ तुमच्यापुढे पुन्हा धरतं आणि तुम्ही पुन्हा विचारायचं असतं, “बघू, काय आहे?”

मोठ्यांच्या बोलण्यातलं ‘गंमत म्हणजे…’ किंवा ‘गंमत अशी की…’ हेही त्याच घरातलं. “गंमत म्हणजे दोघांची गावं शेजारशेजारची निघाली.” इथं हसण्यासारखं काही नाही. नेहमीच्या रांगेतून एक गोष्ट जराशी बाहेर आलेली दिसली आणि ती तुम्हालाही दाखवावीशी वाटली, एवढंच. बोलणारा वाक्यापुरती मूठ उघडतो. म्हणून तर तेलुगूतल्या गम्मत्तुचा ‘नवलाचं, विचित्र’ हा अर्थ मला परका वाटत नाही.

लिहिण्यापुरतं एक सांगून ठेवतो. किंमत, हिंमत आणि गंमत या तिघींना विभक्ती किंवा प्रत्यय लागला की प्रमाण लेखनात अनुस्वार जातो: किमतीला, हिमतीने, गमतीने. तसंच गमती, गमतीदार, गमतीशीर, गमत्या. वर मी तीन ठिकाणी ‘गंमतीला’ आणि ‘हिंमतीतला’ असं लिहिलं आहे, ते मुद्दाम, शब्दाचा उच्चार कानात राहावा म्हणून. तुम्ही नातीला लिहून दाखवाल तेव्हा ‘गमतीला’ असंच लिहा. गंमतजंमत म्हणतो त्यातल्या जंमतीला स्वतःचा अर्थ नाही, ती गंमतीचा हात धरूनच येते. पण प्रत्यय लागला की तीही शहाण्यासारखी अनुस्वार सोडते आणि गमतीजमती होते.

नातीला यातलं व्याकरण सांगू नका. पुढच्या कॉलला तुम्ही आधी मूठ पुढे करा, एखादं गुंजेचं बी किंवा बांगडीचा रंगीत तुकडा आत ठेवा, आणि विचारा, “गंमत बघायची?” जोक नव्हे हे तिला आपोआप कळेल.

फक्त एक राहिलं. तिच्या मुठीत त्या दिवशी काय होतं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तेवढं कळवा.