कोस्टा रिकाला इंग्लिश शिकवायला जायचंय म्हणतोस, तर...

तुझा मेसेज वाचला. बीचबद्दल एवढं लिहिलंस आणि व्हिसाबद्दल एक अक्षर नाही, म्हणून आधी तेच. बरेच गोरे टीचर टुरिस्ट म्हणून जातात, गुपचूप शिकवतात, मुदत संपत आली की निकाराग्वा नाहीतर पनामाच्या बॉर्डरवर शिक्का मारून परत येतात. हे मुळातच बेकायदा, आणि आपल्या पासपोर्टवर तर असला विचारही करू नकोस. इन्स्टिट्यूटला पहिलाच प्रश्न विचार, वर्क परमिटचे पेपर तुम्ही करणार का? उत्तर गोलमोल आलं तर नाद सोड.

पैशाचं म्हणशील तर कोरियातल्या शाळांसारखं विमानाचं तिकीट आणि राहायला फ्लॅट सहसा कोणी देत नाही, पगारात महिना निघतो, शिल्लक फारशी पडत नाही. डोक्यावर लोन असेल तर आत्ता नको, स्पष्टच सांगते.

नोकऱ्या जास्त करून सान होजे, एरेदिया या भागात, समुद्रापासून लांब. विद्यार्थी बहुतेक कॉल सेंटर नाहीतर मेडिकल डिव्हाइसच्या कंपन्यांतले, त्यामुळे क्लास त्यांच्या ऑफिसच्या आधी भल्या पहाटे आणि मग थेट संध्याकाळी, मधली दुपार बसमध्ये आणि पत्ते शोधण्यात जाते, कारण पत्ता म्हणजे "चर्चपासून 200 मीटर उत्तरेला", आणि 100 मीटर म्हणजे एक ब्लॉक, टेप लावून मोजायचं नाही. सान होजेला लागूनच असलेल्या सान पेद्रोत तर कधीच गेलेल्या एका जुन्या झाडावरून पत्ते सांगतात! शाळांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, म्हणून जानेवारीत अर्ज टाक.

"नेटिव्ह स्पीकरच हवा" हे ऐकावं लागेल. चिडू नकोस, शिकवून दाखवायला एक डेमो क्लास मागून घे. 120 तासांचा टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्लिश शिकवण्याचा कोर्स कर, पण खऱ्या मुलांसमोर शिकवायला लावणारा. तुझी जमेची बाजू म्हणजे इंग्लिश तू स्वतः घासून शिकलायस. तिथला माणूस "एस्कूल" म्हणतो, कारण स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला स आणि लगेच व्यंजन येतच नाही. आपल्याकडे "इस्कूल" म्हणणारे आहेतच की! त्याला आधी नुसता लांब "स्स्स" काढायला लाव, मग "कूल" जोड. "इज रेनिंग" म्हणेल, कर्ता गायब. तूही दिवसभर "आलो", "जेवलास का?" असंच बोलतोस, त्यामुळे तो का गाळतो ते तुला पटकन कळेल. अमेरिकन पोरगा बऱ्याचदा नुसतं "चूक वाटतं" म्हणून मोकळा होतो.

स्पॅनिश आजच सुरू कर. तिथे घरातल्या माणसांनाही "उस्तेद" म्हणतात, म्हणजे अहो-जाहो, तेव्हा तेच आधी पाठ कर. डेमोचा व्हिडिओ पाठव, पण शनिवारनंतर, आत्ता पेपर तपासतेय.